कायमचं लिहा, म्हणालीस

ताई, रडून झालंय माझं. लोकांसमोर रडले, बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आता बस. आता मी तुझ्याशी भांडायला बसलेय. आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस, आणि ही तुझी जुनीच खोड. कॅरममध्ये हरायला लागलीस की सोंगट्या उधळून उठायचीस ना, तसंच केलंस. यावेळी मी तुला उठू देणार नाही. तुला मध्येच तोंड घालता येत नाही ह्याचं मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय, पण म्हणून मी हळू आवाजात बोलेन असं समजू नकोस.

तुझ्या तेराव्याला लोक काय काय बोलत होते, ऐकायला हवं होतंस. म्हणे प्रमिलाताई म्हणजे शांत, सोशिक, मायाळू. मायाळू! अगं, जिच्या हातातल्या बांबूला अख्खी आळी टरकायची ती बाई! बावखलात कोणी टेम्पो धुवायला आणला की तू तो बांबू घेऊन धावायचीस. दीड दिवसाचा गणपती घेऊन कोणी आलं की पदर खोचून उभी. कळंबच्या समुद्रावरून परतणारे पिकनिकवाले अंगाची वाळू धुवायला थांबले की त्यांच्या मोटारसायकलींच्या चाव्याच काढून घ्यायचीस. शेजारच्या ज्युलीबायची बदकं पाण्यात उतरली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार. आणि हे लोक हातात द्रोण घेऊन मायाळू म्हणत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं की नव्हती हो मायाळू, कजाग होती, आणि तशीच मला हवी आहे.

बोळिंजला आमच्या सोसायटीत बावखल म्हणजे काय हे कोणाला माहीत नाही. मला दर वेळी समजावून सांगावं लागतं की वाडीत पूर्वजांनी खणून ठेवलेला गोड्या पाण्याचा साठा, विहिरीपेक्षा मोठा, तळ्यापेक्षा लहान, काठ मातीचे. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि आजूबाजूच्या विहिरींना गोडं पाणी मिळतं. समुद्र इतका जवळ, की बावखल बुजवलं की दोन-चार वर्षांत विहिरी मचूळ होतात आणि केळी पिवळ्या पडतात. हे सांगितलं की बायका म्हणतात, "अय्या, पाँड!" मी मान डोलावते. तू असतीस तर तिथेच वाजलं असतं.

बाबांनी हयात असताना वाटप केलं तेव्हा दादाला घर आणि रस्त्याला लागून असलेली पुढची वाडी दिली. मी लग्न होऊन गेलेली, मी हक्कसोडीवर सही केली आणि त्याबद्दल मिळालेली साडी नेसून दोन लग्नं उरकली. उरला मागचा तुकडा. थोडी केळी, सोनचाफ्याची चार झाडं, आणि मधोमध बावखल. तो तुला. बिनलग्नाच्या पोरीला पोटापुरतं, असं बाबा म्हणाले. दादा तेव्हा हसला होता, कारण सातबाऱ्यावर बावखलाच्या जागेपुढे लिहिलेलं असतं 'पोटखराबा'. म्हणजे जिथे काही पिकत नाही ती जमीन. तू म्हणालीस, "हसू दे त्याला. त्याच्या केळीला पानी कुठून येतंय ते कळेल." पाणी नव्हे, 'पानी'. रागावलीस की तुझ्या बोलण्यात खाडीपलीकडची आजी यायची.

त्या पाण्यात तू मला पोहायला शिकवलंस. पाठीला केळीचा बुंधा बांधून ढकलून दिलंस आणि काठावर बसून मूग निवडत राहिलीस. मी किंचाळत होते, तू मान वर करून म्हणालीस, "ओरडायला दम आहे म्हणजे बुडत नाहीस." पुढे आयुष्यात मला कशाचीही भीती वाटली की हेच आठवायचं. बँकेची परीक्षा, सासरचं घर, ह्यांचं ऑपरेशन. मी हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पुरे झाली नाटकं. आता ऐक, ह्यावर तुझा इलाज नाही. मी जी काही घट्ट झाले ती तुझ्यामुळे झाले.

मग दोन वर्षांपूर्वी दादाच्या डोक्यात कॉटेजेस शिरल्या. कळंबला सगळे करतात, शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात, आपण काय पाप केलंय? पुढच्या वाडीत कॉटेजेस, आणि मागचं बावखल बुजवून तिथे काय? स्विमिंग पूल! तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा आधी मला वाटलं तू चेष्टा करतेयस. अंगचं पाणी बुजवायचं, त्यावर सिमेंट ओतायचं, खड्डा करायचा, निळ्या फरशा लावायच्या आणि त्यात टँकरचं पाणी सोडायचं. आपण दोघी फोनवर इतक्या हसलो की ह्यांनी आतून विचारलं काय झालं. हसून झाल्यावर तू म्हणालीस, "कुंदे, मी मेले की वासू हेच करणार गं. मना एक वकील बघून दे."

वकील बघणं म्हणजे स्थळ बघण्यापेक्षा कठीण असतं, हे मला तेव्हा कळलं. पहिले वकील वसईतले, आपल्यातलेच, बाबांना ओळखणारे. त्यांनी चहा पाजला, तू केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांची आठवण काढली, मृत्युपत्र करायचं म्हटल्यावर "छे छे, एवढ्यात कशाला असलं अभद्र" असंही म्हणाले. आपण रिक्षाने घरी पोहोचायच्या आत दादा ओटीवर उभा होता. "ताई, वकील कशाला लागतो घरच्या घरात?" तू चप्पल काढता काढता म्हणालीस, "दात काढायला गेले होते, चुकून वरच्या मजल्यावर चढले." त्या दिवशी तू ठरवलंस की वकील हवा तो असा, ज्याला आपल्या गावात कोणाच्या लग्नाचं आमंत्रण येत नाही.

म्हणून आपण विरारला त्या वकीलबाईंकडे गेलो. मालवणकडच्या, तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, चष्मा डोक्यावर आणि शोधत मात्र टेबलावर. मला पहिल्याच भेटीत त्या आवडल्या, कारण त्यांनी तुला मृत्युपत्र ह्या शब्दाने घाबरवलं नाही. सरळ म्हणाल्या, "ताई, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत तर तुमच्या मागे ही जागा भाऊ आणि बहीण दोघांची, निम्मी निम्मी." तू विचारलंस, "अर्धं बावखल कसं बुजवतात?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आधी सगळं बुजवतात. मग अर्ध्याचे पैसे देतात."

सातबारा बघून त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं. "पण ह्यात सांभाळण्यासारखं काय आहे? बरीचशी जागा पोटखराबाच दिसतेय." तू म्हणालीस, "खराब तुझं पोट." मी टेबलाखालून तुला लाथ मारली. वकीलबाईंनी चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "बरं, मग काय आहे ते मला नीट सांगा." आणि तू सांगितलंस. अर्धा तास तू बोलत होतीस, ताई. कुठल्या कोपऱ्यात झरा आहे, कुठल्या महिन्यात पाणी कुठवर येतं, काठाची माती कोण कशी लिंपायचं, कमळं काढून टाकायला का लागतात. मी तुला एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं होतं, भांडण सोडून.

तरी पहिल्या मसुद्यात त्यांनी 'विहीर' लिहिलं. त्यांच्याकडे बाव म्हणजे विहीर, त्यांना वाटलं एकच. तू सही करायला नकार दिलास. त्यांनी खोडून 'तलाव' केलं. पुन्हा नकार. "तलाव सरकारचा असतो. हे बावखल आहे. माझ्या कागदावर बावखल लिहा, नाहीतर मी उठले." त्या म्हणाल्या, कोर्टात हा शब्द कोणाला कळायचा नाही. तू म्हणालीस, "मग कोर्टाला शिकू दे." शेवटी त्या एका रविवारी स्वतः वाडीत आल्या, काठावर उभ्या राहिल्या, काठाकाठाने एक फेरी मारली, आणि जाताना तुझ्याकडून केळफूल घेऊन गेल्या. पुढच्या मसुद्यात बावखल होतं, चारी बाजूंच्या खुणांसकट.

साक्षीदारांची गोष्ट मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. दोन साक्षीदार हवेत, ज्यांना कागदातून काही मिळणार नाही असे. एक आपले डॉक्टर. दुसरं कोण, असं विचारल्यावर तू कोणाचं नाव घ्यावंस? ज्युलीबायचं! जिच्याशी तू बदकांवरून इतकी वर्षं भांडलीस, जिच्या घरून नाताळचा फराळ आला की डबा परत पाठवताना तू मुद्दाम तिखट चकल्या भरायचीस. मी म्हटलं, अगं डोकं ठिकाणावर आहे ना? तू म्हणालीस, "आमचं पटत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ती माझ्या बाजूने खोटं बोलेल असं वासू कुठल्या तोंडाने म्हणेल?" वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." तू लाजलीस. खोटं नाही सांगत, लाजलीस.

ज्युलीबाय रजिस्ट्रारच्या ऑफिसात नव्या लुगड्याची घडी मोडून आली. सही करण्याआधी तुला म्हणाली, "पमीबाय, बदकांचं काय ते पण लिहून टाक." तू म्हणालीस, "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

एवढं झालं. तुझा तुकडा, बावखलासकट, माझ्या नावावर. इथपर्यंत आपण एका बाजूला होतो. पण तुला एवढ्यावर समाधान नव्हतं. तू वकीलबाईंना म्हणालीस, "हिच्यानंतर काय? हिच्या मुलांनंतर काय? बावखल बुजवायचं नाही असं कायमचं लिहा." त्या म्हणाल्या त्यासाठी ट्रस्ट करावा लागेल, आणि मग त्यांनी तो नियम सांगितला, जो ऐकून तुझा चेहरा पडला. घरातल्या घरात ट्रस्ट केला, म्हणजे अमक्याने सांभाळायचं, तमक्याने खायचं, तर तो कायमचा करता येत नाही. आत्ता जिवंत असलेल्या माणसांच्या आयुष्यापुरता, आणि त्यांच्यामागे जन्मणारं मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, बस. तेवढ्यावर कायद्याचा हात आखडतो. कायमचा ट्रस्ट एकाच प्रकारचा असतो, सार्वजनिक. जे सगळ्यांसाठी आहे तेवढंच कायम ठेवता येतं.

तू विचारलंस, "सगळ्यांसाठी म्हणजे?"

"म्हणजे गावातला कोणीही, ताई. पाणी बघायला, भरायला, शिकायला. नियम घालता येतील, गाड्या धुवायच्या नाहीत वगैरे. पण हे माझं, तू चालता हो, असं नाही म्हणता येणार."

तू उठलीस. पिशवी उचललीस आणि जिना उतरलीस. मी वकीलबाईंची माफी मागून मागोमाग आले, तेव्हा तू रिक्षात बसली होतीस आणि रिक्षावाल्यावर चिडत होतीस. घरी पोहोचेपर्यंत आपण दोघी जे बोललो ते तो बिचारा अजून बायकोला सांगत असेल. "आयुष्य घालवलं मी ते राखण्यात," तू म्हणालीस. "लग्न केलं नाही, कुठे गेले नाही, यात्रेला गेले नाही. आणि आता कोणीही यावं आणि पाय बुडवावेत?" मी म्हटलं, "तू गेल्यावर बांबू घेऊन कोण उभं राहणार आहे? मी? माझे गुडघे बघितलेस का?" तू म्हणालीस, "तुझी मुलं." मी म्हटलं, "माझ्या मुलांना गवती चहा आणि गवत ह्यातला फरक कळत नाही." तू म्हणालीस मी माझ्या मुलांना वळण लावलं नाही. मी म्हटलं तू एका पाण्यापायी सगळी माणसं तोडलीस. तू म्हणालीस, "पानी तरी राहिलं." मी म्हटलं, "सगळ्यांना हाकलून राखलेलं पाणी तू गेलीस की एकटं पडणार. त्याच्या बाजूने बोलायला कोण आहे?"

तेवढ्यात घर आलं. रिक्षातून उतरलीस आणि मागे न बघता आत गेलीस.

त्यानंतर आपण त्या विषयावर बोललो नाही. चार दिवसांनी तुझा फोन आला, अळूची पानं चांगली आली आहेत, कोणाबरोबर तरी पाठवू का. मी म्हटलं पाठव. तू विचारलंस, खाजत नाहीत ना तुझ्या जावयाला. मी म्हटलं नाही. मग फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "कुंदे," आणि मी म्हटलं, "काय," आणि तू म्हणालीस, "काही नाही, चिंच जास्त घाल." हे आपलं शेवटचं बोलणं. मला आता त्या 'कुंदे'पाशी येऊन अडकायला होतं. त्या पुढे काय होतं तुझ्या मनात? तू कबूल होणार होतीस की पुन्हा शिव्या घालणार होतीस? मी ह्यावर रात्रंदिवस डोकं आपटलंय आणि शेवटी ठरवलंय की मला माहीत नाही. तू हो म्हणालीस असं मी कोणाला सांगणार नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालणारे खूप असतात. मी त्यातली नाही.

अळू पोहोचलं, आणि त्या आठवड्यातच तू गेलीस. सकाळी चाफा काढून आलीस, ओटीवर बसलीस, आणि उठलीच नाहीस. लोक म्हणतात नशीबवान, हाल झाले नाहीत. मला ह्या वाक्याचा संताप येतो. हाल झाले असते तर मी उशाशी बसले असते, आपण भांडलो असतो, काहीतरी ठरलं असतं.

तर तेरावं. जेवणं झाली, बायका भांडी आवरत होत्या, आणि दादाने माझ्यासमोर कागद ठेवला. वारस म्हणून दोघांची नावं लावायची, आणि लगेच माझा भाग त्याच्या नावावर. साडी पण आणली होती, ताई! पुन्हा साडी! मी म्हटलं, "दादा, ताईचं मृत्युपत्र आहे. नोंदणी केलेलं." त्याचा चेहरा असा झाला, की एक क्षण मला त्याची दया आली. मग तो बोलू लागला. म्हातारी बाई, एकटी, डोकं फिरलेलं, कोणीतरी फूस लावून सही घेतली. कोणीतरी म्हणजे मी. सगळे ऐकत होते. आणि तेवढ्यात मागच्या दारात भांडी घासायला बसलेली ज्युलीबाय हात पुसत आत आली. "वासूदादा," ती म्हणाली, "मी साक्षीदार हाय. पमीबाय वाकडी होती, भांडकुदळ होती, माझ्या बदकांचा तिने जीव खाल्ला. पण तिचं डोकं फिरलेलं नव्हतं. तिने मला शेवटच्या दिवशीपण बरोब्बर शिव्या घातल्या." अख्खी ओटी हसली, तेराव्याच्या दिवशी. दादाने कागद घडी करून खिशात घातला. साडी मात्र तिथेच राहिली, ती मी ज्युलीबायला देऊन टाकली.

मी जिंकले असं मला वाटलं. घरी आले, लेकाला फोन लावला, सगळं रंगवून सांगितलं. तो पुण्याहून म्हणाला, "भारी, आई. मग आता चांगला भाव बघून विकून टाकू ना? मामाला नको, बाहेरच्याला देऊ." चांगला मुलगा आहे गं माझा, मला रोज फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती की लोभ नव्हता. त्याला ते बावखल म्हणजे फक्त एक जागा वाटते. मी फोन ठेवला आणि मला कळलं की तुझ्या बावखलाला धोका दादाचा नाहीये. दादाला मी पुरून उरले असते. धोका माझ्या पोटच्या पोराचा आहे, ज्याच्यावर मी जीव टाकते.

म्हणून मी गेल्या सोमवारी एकटी विरारला गेले. वकीलबाईंनी मला पाहून डोळे पुसले, मग चष्मा शोधला. मी म्हटलं, "सार्वजनिक करा. कायमचं." त्या म्हणाल्या, "नीट विचार केलात ना? तुमची मालकी राहणार नाही. शेतजमीन आहे, परवानग्या लागतील, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, हिशेब, विश्वस्त मंडळ, वर्ष-दोन वर्षं चपला झिजतील. आणि एकदा झालं की मागे फिरता येत नाही. मुलगा दुखावेल." मी म्हटलं, "दुखावू दे." त्यांनी विचारलं, "आणि ताईंना चाललं असतं?"

मी म्हटलं, "नसतं चाललं. लिहा."

ऐकलंस? नसतं चाललं असं मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तुझ्या इच्छेच्या आड मी लपले नाही. तुझी इच्छा कायमचं राहावं ही होती, आणि ते तुझंच राहावं हीही होती, आणि ह्या दोन्ही एका कागदावर बसत नाहीत. मी एक निवडली. तुझ्यावर प्रेम आहे म्हणून निवडली, आणि तुझा मान राखायचा म्हणून तुला विरोध केला. तू आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाहीस, मग तुझी बहीण तुझं ऐकेल असं का धरून चाललीस? चिड. खुशाल चिड. मला तुझं चिडणं ह्या सगळ्यांच्या 'मायाळू'पेक्षा जवळचं आहे.

काल वाडीत गेले. विश्वस्त म्हणून डॉक्टर तयार आहेत, शाळेतल्या एक बाई तयार आहेत, ज्युलीबाय तर मी विचारायच्या आधीच तयार झाली. काठावर उभी होते तेवढ्यात दादा आला. गावात बातमी काय लपते? कितीतरी वर्षांनी तो तिथवर आला होता. आपल्यापेक्षा तोच जास्त पोहायचा ह्यात, आठवतंय तुला? वाटपाच्या वेळी हसला म्हणून तू त्याला पुन्हा काठाला पाय लावू दिला नाहीस. त्याने पुढच्या वाडीतून वीस वर्षं हे पाणी नुसतं लांबून बघितलं असेल.

आता म्हातारा झालाय तो. उभा राहिला, पाण्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे तुलापण नाही आणि मलापण नाही. काय मिळवलंस, कुंदा?"

मी काठावर पडलेलं चाफ्याचं फूल उचललं.

"मग आता हे कोणाचं?"

"कागद व्हायचाय अजून," मी म्हटलं. "झाला की सगळ्यांचं." आणि मग तुझ्या नाकावर टिच्चून, ताई, तुझ्याच जागेवर उभी राहून मी म्हटलं, "तुझंही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी थट्टा करतेय का, ह्याचा अंदाज घेत होता. मग हळूहळू खाली बसला, धोतराचा सोगा गुडघ्यावर घेतला आणि पाय पाण्यात सोडले. रडत होता की काय, मी बघितलं नाही.

मी त्याला हाकललं नाही.